मानद डॉक्टरेट, पाच जोधपुरी आणि एक मुंज

47,850 रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण गावात तो फुगत फुगत "मास्तरांचे दोन लाख गेले" इथपर्यंत आलाय. दोन लाख नाहीत. माझ्याकडे पैन् पैचा हिशेब पावत्यांसकट आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. मानद डॉक्टरेटच्या नादात आम्ही पाचजण फसलो आणि त्यातल्या दोघांच्या घरी अजून पत्ता नाही. (पाचच का, हा प्रश्न वेगळा. त्याच्याकडे शेवटी येतो.)

मी निवृत्त मुख्याध्यापक. 31 वर्षं मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं. सध्या गावच्या वाचनालयाचा कार्यवाह आहे. वाचनालय 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेलं, 'ब' वर्गाचं. हे सांगतोय ते मोठेपणासाठी नाही. असल्या भामट्यांना नेमकी अशीच माणसं लागतात म्हणून सांगतोय. गल्लीत लोक 'सर' म्हणतात, गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही, आणि ते मनातल्या मनात सलत असतं. मानद डॉक्टरेटचा धंदा, म्हणजे पैसे घेऊन नावापुढे 'डॉ.' लावून द्यायचा, कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. मलाही ठाऊक होतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका वाळू ठेकेदाराच्या गाडीवर 'डॉ.' लागलं तेव्हा सगळ्यात जास्त मीच हसलो होतो.

आता आमच्या चेअरमनांबद्दल. पतसंस्थेचे चेअरमन. त्यांचं आणि माझं 2011 पासून बिनसलंय. त्या वर्षी व्याख्यानमालेच्या वक्त्यांचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. सौ.नी पुरणपोळ्या केलेल्या. यांनी वक्त्यांना मंचावरूनच गाडीत घातलं आणि आपल्या घरी नेलं. पुढे वाचनालयाच्या सभागृहाला यांनी 51,000 दिले आणि वडिलांच्या नावाचा फलक लावला. त्यावर वडिलांचं नाव वाचनालयाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. शतकोत्तर रौप्यमहोत्सवाची स्मरणिका मी संपादित केली, तर त्यात यांचा फोटो पान 2 वर आणि माझा पान 3 वर. हे सगळं क्षुल्लक आहे, मला कळतं. पण भामट्याचं सगळं भांडवल हे एवढंच होतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये एक गृहस्थ वाचनालयात आले. खादीचा झब्बा, खांद्याला झोळी, बोलणं मऊ. जुन्या वाचनालयांवर लिहितोय म्हणाले. मी चहा पाजला, 200 रुपयांची स्मरणिका फुकट दिली आणि विचारलं त्याला दीड तास उत्तरं दिली. निघताना त्यांनी सहज विचारलं, "चेअरमनसाहेबांचं सहकार्य असतं ना?" त्यावर आणखी पाऊण तास.

डिसेंबरात फोन आला. आवाज वेगळा होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या भारतीय शाखेचे 'संयोजक'. मानद डी.लिट.साठी, म्हणजे डॉक्टरेटसाठी, माझं नाव सुचवलं गेलंय. कोणी सुचवलं ते गोपनीय. नामांकन नोंदणी 1,100 रुपये. भरले. म्हटलं, गेले तर अकराशे.

मग आठवडाभर शांतता. माझा जीव टांगणीला. आठव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन: "सर, एका गावातून एकच नाव घ्यायचा नियम आहे. तुमच्या गावातून दोन नावं शेवटच्या टप्प्यात आहेत. दुसरं नाव मला सांगता येणार नाही… सहकार क्षेत्रातले आहेत, एवढंच."

'विद्यापीठ योगदान' 21,000 रुपये मी त्यानंतर अकरा मिनिटांत पाठवले. हा वेळ मी नंतर मोबाइलवरच्या संदेशांवरून मोजला. ते एका संस्थेच्या नावाने गेले नाहीत, कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावाने गेले, हेही नंतरच वाचलं. तुम्ही आधी वाचा. पैसे पाठवताना मोबाइलवर जे नाव येतं तेच खरं, लेटरहेडवरचं नाव कोणीही छापतं.

बाकीचं पटापट सांगतो. काळा झगा आणि झुपक्याची चौकोनी टोपी, 3,500 (त्यातले 2,000 परत मिळणार होते!). गौरव विशेषांकात रंगीत पान, 7,500. सोहळ्याची दोन आसनं भोजनासह, 2,400. वकिलातीचं प्रमाणीकरण, 5,900. झाले 41,400. शिवाय माझा मीच केलेला खर्च: जोधपुरी सूट कापड-शिलाईसकट 4,800 आणि फ्लेक्स 1,650. दोन आसनांचे पैसे भरले खरे, पण सौ. आल्याच नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मानद म्हणजे अभ्यास न करता देतात ती ना?"

"कार्याबद्दल देतात."

"मग पैसे कसले घेतात?"

मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. हे वाक्य मला अजून रोज संध्याकाळी चहाबरोबर परत मिळतं.

पण खरी ठेच तिथे नाही. ती पत्रापाशी आहे आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जानेवारीत कुरिअरने निवडपत्र आलं. जाड पिवळसर कागद, सोनेरी गरुड, खाली 'भारत सरकार नोंदणीकृत' म्हणून उद्यम नोंदणीचा क्रमांक. (उद्यम नोंदणी कोणालाही घरबसल्या फुकट करता येते. पापडाच्या घरगुती धंद्यालाही तो क्रमांक मिळतो आणि तो मिळाला म्हणून पापडवाल्या बाई पदव्या वाटत नाहीत.) पहिल्या परिच्छेदात माझं नाव, हुद्दा, सगळं बरोबर. दुसरा परिच्छेद असा: "सहकार क्षेत्रात आपण लावलेल्या ठेववृद्धीच्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला असून…"

माझ्या आयुष्यात ठेवी तीन. त्यांतली एक मोडून वरचे 21,000 भरले होते.

मी शिक्षक आहे हो! एकदा सातवीतल्या एका मुलाने शेजारच्याचा 'माझी आई' निबंध इतका इमानाने उतरवला की शेजारच्याच्या आईचं नावसुद्धा उतरवलं. मी पहिल्या ओळीत पकडला आणि त्याचा कान असा पिरगाळला की तो आज भेटला तरी कानाला हात लावतो. आणि इथे माझ्याच पत्रात दुसऱ्याची आई येऊन बसलीय, ती कोणाची आहे हेही मला दिसतंय, आणि मी काय म्हणतो? छपाईची चूक असेल.

फोन केला, नाही असं नाही. संयोजक म्हणाले, "सर, ग्रंथालय म्हणजे ज्ञानाच्या ठेवीच ना? तो सहकारच आहे." मी ते वाक्य माझ्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतलं. वही आहे अजून.

मनातली नागरिकशास्त्राची शंकाही अशीच मिटवली. राज्यघटनेचा अनुच्छेद 18 किताब रद्द करतो. पद्म पुरस्कारसुद्धा नावापुढे-मागे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगितलं, आणि हे मी फळ्यावर लिहिलेलं आहे. पण अनुच्छेदात लष्करी आणि शैक्षणिक बहुमान वगळलेत ना? डी.लिट. शैक्षणिक! माणूस फसायला बसला की घटनाही मदतीला घेतो. त्याऐवजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा 1956 चा कायदा उघडायला हवा होता. कलम 22: पदवी द्यायचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि कायद्याने तो दिलेल्या संस्थांना. बोगस विद्यापीठांची यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. पण यादीत नाव नाही म्हणून खरं, असंही समजू नका. आमच्यावाल्याचं नाव यादीत नव्हतं. त्याने ते बहुधा आदल्या महिन्यातच ठेवलं होतं.

सोहळ्यापर्यंत कोणाला सांगायचं नाही, नाहीतर निवड रद्द, अशी अट होती. त्या दीड महिन्यात गावात जे चाललं होतं ते मला दिसत होतं, फक्त कळत नव्हतं. चेअरमनांनी केस काळे केले. वैद्यबुवा, ज्यांनी जन्मात बंडीशिवाय काही घातलं नाही, ते शिंप्याच्या दुकानातून बाहेर पडताना दिसले आणि मला बघून औषधाच्या दुकानात शिरले. अ‍ॅलोपॅथीच्या! पार्लरवाल्या ताईंनी आठ दिवस रोज कोणाच्या ना कोणाच्या पैठणीची चौकशी केली. बँडवाले मास्तर मैदानावर एकटेच हातवारे करत फिरायचे. मला वाटलं नवीन धून बसवतायत. भाषण पाठ करत होते.

मी माझ्यापरीने तपास केला. शिंप्याला विचारलं, "हल्ली काम फार दिसतंय?" तो म्हणाला, "पाच जोधपुरी आल्यात सर, पंधरा दिवसांत." मी म्हटलं, लग्नसराई. फ्लेक्सवाल्याकडे माझा फ्लेक्स टाकायला गेलो तर तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "गावात डॉक्टर फार वाढायला लागलेत." मी म्हटलं हो, परवाच दातांचा नवीन दवाखाना झाला. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. त्याने सांगितलं असतं तर पाच फ्लेक्सचं काम गेलं असतं, म्हणून बोलला नाही. त्याला मी माफ केलेलं नाही.

रविवार, 16 फेब्रुवारी 2025. पहाटे साडेपाचची स्वारगेट एसटी. स्टँडवर पोहोचलो तर चेअरमन. हातात सुटाची लांब पिशवी. माझ्या हातात तसलीच.

"कुठे, सर?"

"अप्पा बळवंत चौकात. वाचनालयाची खरेदी."

"रविवारी?"

"तुम्ही?"

"डोळे दाखवायचेत."

रविवारी! पण मी ते विचारलं नाही, कारण मग त्यांनी माझ्या पिशवीचं विचारलं असतं. वैद्यबुवा मंडईत वनस्पती आणायला, ताई नणंदेकडे, बँडवाले मास्तर क्लॅरिनेटची पट्टी आणायला. पाच माणसं, पाच थापा, सगळ्यांच्या अंगाला अत्तराचा वास. पोलीस ठाण्यातले साहेबही साध्या कपड्यांत चहाच्या टपरीशी उभे होते, हातात पिशवी. आम्हाला बघून अर्धा चहा टाकून निघून गेले. मला वाटलं, कोणावर तरी पाळत असेल.

एसटीत मला ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट, ताईंना महिला म्हणून अर्धं. चेअरमन 63 चे, त्यांना पूर्ण. त्या दिवसातला माझा शेवटचा विजय. खंबाटकीच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा कोणीतरी पुटपुटत होतं, "व्यासपीठावरील मान्यवर…"

स्वारगेटला सगळे पाच दिशांना गेलो आणि चाळीस मिनिटांनी सिंहगड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या दारात पुन्हा भेटलो. चार जोधपुरी आणि एक पैठणी. आत मुंज चालू होती. खरी मुंज, बटू, मांडव, सनई. मुलाचा मामा धावत आला आणि म्हणाला, "किती उशीर! बँडवाले ना तुम्ही?" आमच्यातला एक जण खरोखर बँडवाला असल्यामुळे "नाही" म्हणायलाही कोणी पुढे होईना.

संयोजकांचा फोन बंद. अकरा, साडेअकरा, बारा. अशा संस्था निदान झगा घालून फोटो काढतात, हातात कागद देतात. आमच्यावाल्याने तेवढीही तसदी घेतली नाही. एवढे पैसे घेतले तर खोटी का होईना, पदवी तरी द्यायची!

मामाने शेवटी आग्रहाने पंगतीला बसवलं. माणूस भला. तिथे जिलबी खाताना चेअरमन पहिल्यांदा बोलले. "सर, तुमच्या पत्रात काय होतं?" मी दाखवलं. त्यांनी त्यांचं दाखवलं. दुसरा परिच्छेद: "तीन दशकं खडूची धूळ अंगावर घेत आपण घडवलेल्या पिढ्या…"

म्हणजे त्यांना पत्र आल्यापासून माहीत होतं की दुसरा उमेदवार कोण. आणि त्यांनी 21,000 नव्हे, 31,000 भरले होते. खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं.

पण मग बँडवाल्या मास्तरांनी त्यांचं पत्र काढलं. "1897 पासून आपण करीत असलेली संगीतसेवा." त्यांचा बँड 1987 चा. 1897 कुठून आलं? चौघांनी हळूहळू माझ्याकडे बघितलं. स्मरणिकेत पान 46 वर तीच चूक छापलीय. मुद्रितं मी तपासली होती. गावातल्या प्रत्येक 'मान्यवरा'चा फोटो, मोबाइल नंबर, वाढदिवस आणि कार्य, सगळं एका पुस्तकात नीट लावून मी त्या झोळीवाल्याला चहासकट दिलं होतं. तो फोनवरचा आवाज त्याच्याच टोळीतला, हे तेव्हा ध्यानात आलं. उरलेली माहिती, म्हणजे कोणाचं कोणाशी वाकडं, ती मी तोंडी पुरवली होती. हिशेबाने सव्वादोन तास.

(मास्तर, तुम्हीही 127 वर्षं संगीतसेवा केल्याचं वाचून गप्प बसलात, हे मी त्यांना तिथे म्हणालो नाही. इथे म्हणतो.)

आता सरकारी यंत्रणा.

सोमवारी आम्ही तिघं ठाण्यात गेलो. वैद्यबुवा आले नाहीत, ताईंनी "माझं नाव घेऊ नका" सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुन्हा पुण्यात घडला, पुण्यात जा." पुण्यात गेलो. तिथे म्हणाले, "पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे द्या." परत आलो. मी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ची छापील प्रत नेली. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यायची, असं त्यात स्वच्छ लिहिलंय, 1 जुलै 2024 पासून लागू आहे. साहेबांनी कागद वाचलाच नाही. म्हणाले, "गुरुजी, एवढी शिकलेली माणसं तुम्ही, फसता कसे?" आणि साध्या कागदावर अर्ज ठेवून पोच दिली. पोचवर तारीख चुकीची. ती मी दुरुस्त करून दिली, सवयीने.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकला ना? मग बँकेचा काय संबंध?" मॅनेजर माझा विद्यार्थी. कान पिरगाळलेला नाही, दुसरा. शिक्षण विभागात म्हणाले परदेशी विद्यापीठ आमच्याकडे येत नाही. मी म्हटलं, ते परदेशीही नाही आणि विद्यापीठही नाही. तर म्हणाले, मग तर आमच्याकडे येतच नाही. धर्मादाय कार्यालयात संस्थेचा नोंदणी क्रमांक मागितला. दिला, तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या भजनी मंडळाचा निघाला. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला तो 24 तारखेला. बाई नीट बोलल्या, सगळ्या यंत्रणेत तेवढ्याच. म्हणाल्या, "पैसे गेल्या गेल्या फोन केला असता तर पुढच्या खात्यात अडवता आले असते." खात्यात आता काही नाही. तर बाबांनो, लाज बाजूला ठेवा आणि त्याच तासाला 1930 लावा. आमची सगळी वाट लाजेनेच लागली. ठाण्याच्या फेऱ्या सोडल्या तर ते आठ दिवस आम्ही फक्त कोणी कोणाला काय सांगायचं हे ठरवत होतो.

आणि सन्मान हवाच असेल तर पद्म पुरस्काराचं नामांकन सरकारी पोर्टलवर करा, स्वतःचं स्वतःलाही करता येतं, एक रुपया लागत नाही. मिळणार नाही, पण झगा-टोपीचे पैसेही जाणार नाहीत.

अर्जाचं पुढे काय झालं विचारायला मी दर पंधरा दिवसांनी जातो. दरवेळी साहेब बाहेर गेलेले असतात. माझा फ्लेक्स वाचनालयाच्या गळक्या खोलीवर उलटा घातलाय, पावसाळ्यात कामाला आला. चेअरमनांचा त्यांच्या गोठ्यावर आहे. आम्ही दोघं आता बोलतो. फलकाच्या अक्षरांचा विषय मात्र अजून निघालेला नाही.

राहिली ती पाचवी जोधपुरी. चार आमच्या, ताईंची पैठणी. मग पाचवी कोणाची? शिंपी सांगेना. "माप पोलादी आहे सर, पोट सोडून," एवढंच म्हणाला. मे महिन्यात पतसंस्थेच्या एका संचालकाच्या मुलीचं लग्न होतं. मी 4,800 वसूल करायचे म्हणून जोधपुरी घालून गेलो. अक्षता पडल्यावर वळलो तर समोर ठाण्यातले साहेब. गडद हिरवी जोधपुरी, तीच पितळी बटणं, खिशावर तोच गरुड. तो गरुड संयोजकांनी कुरिअरने पाठवला होता, "सोहळ्यासाठी शिवून घ्यावा" म्हणून.

त्यांनी माझ्या खिशाकडे बघितलं, मी त्यांच्या. मी नमस्कार केला. त्यांनीही केला, आणि त्याच हाताने खिसा झाकून ते पंगतीला न थांबता निघून गेले.